सिक्युरिटी टेस्टिंगमध्ये एआय कसा वापरावा: नागपुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या कामावरून

त्रिमूर्ती नगरात घराच्याच वरच्या खोलीत माझं ऑफिस आहे. दोन टेबलं, एक कूलर, एक जाडजूड पीसी आणि हाताखाली गेल्या वर्षीच इंजिनिअरिंग झालेला एक मुलगा. लोकांच्या वेबसाइट, ॲप आणि ऑफिसची नेटवर्क त्यांच्या परवानगीने तपासायची आणि चोर कुठून शिरेल ते आधीच दाखवून द्यायचं, हे आमचं काम. यालाच व्हीएपीटी म्हणतात, म्हणजे कच्च्या जागा शोधणं आणि त्यातून शिरून पाहणं. पतसंस्था, दवाखाने, कोचिंग क्लास, कळमन्यातले एक-दोन व्यापारी असे आमचे गिऱ्हाईक. गेली दोनेक वर्षं मी या कामात रोज एआय वापरते.

गायत्री नगरच्या आयटी पार्ककडे संध्याकाळी चहाला गेलं की ओळखीची पोरं विचारतात, "ताई, प्रॉम्प्ट कोणता टाकता?" प्रॉम्प्ट म्हणजे एआयला लिहून द्यायची सूचना. ती सांगायला मला काही वाटत नाही, पण नुसता प्रॉम्प्ट घेऊन गेलात तर काम बिघडेल. एआय भराभर वाचतो, थकत नाही, आणि ठासून चुकतो. त्याच्या आधी परवानगी आणि त्याच्या नंतर पुरावा, या दोन गोष्टी माणसालाच सांभाळाव्या लागतात. हे नीट कळावं म्हणून धंतोलीतल्या एका लॅबचं काम सुरुवातीपासून सांगते.

कागद

लॅबची शहरात सात-आठ कलेक्शन सेंटर. पेशंटने पोर्टलवर लॉगिन करायचं, रिपोर्ट उतरवून घ्यायचा. काम ठरलं आणि पहिले चार दिवस कागदातच गेले.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधलं कलम ४३ उघडून एकदा स्वतः वाचा. मालकाच्या परवानगीशिवाय कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणं, त्यातला डेटा काढून घेणं, हे सगळं त्यात येतं. तेच अप्रामाणिकपणे किंवा लबाडीने केलं की कलम ६६ लागतं: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपला हेतू चांगला होता हे नंतर पटवत बसण्यापेक्षा सहीचा कागद आधी हातात घ्यावा.

कागदात काय असावं? कोणते डोमेन (साइटचे पत्ते), कोणते आयपी (सर्व्हरचे आकडी पत्ते), कोणत्या तारखा, दिवसाच्या कोणत्या वेळा, काही अडलं तर रात्रीसुद्धा फोन उचलणारा लॅबचा माणूस कोण, आणि काय अजिबात करायचं नाही. सर्व्हर बंद पडेल असा मारा आम्ही कुठेच करत नाही, तेही लिहून देतो. एआय आल्यापासून मी यात एक परिच्छेद वाढवला आहे: कोणतं एआय मॉडेल वापरणार, ते आमच्या पीसीवर चालतं की बाहेरच्या कंपनीकडे, कोणता मजकूर बाहेर जाऊ शकतो आणि कोणता कधीच जाणार नाही. लॅबच्या डॉक्टरांनी हा परिच्छेद दोनदा वाचला आणि मग सही केली. बाकीच्या पानांवर त्यांनी नुसती नजर फिरवली होती.

आणखी एक. लॅबचे मालक स्वतःच्या सर्व्हरची परवानगी देऊ शकतात. पेमेंट गेटवेची किंवा एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीची परवानगी त्यांच्या हातात नसते. हाताने टेस्टिंग करताना ही सीमा डोक्यात राहते. एआय एजंटला, म्हणजे स्वतःच कमांड चालवणाऱ्या एआयला, मात्र एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जायची सवय असते, त्यामुळे सीमा त्याला सांगून भागत नाही, ती प्रत्यक्ष बांधावी लागते. कशी, ते पुढे सांगते.

पेशंटचं नाव बाहेर जाता कामा नये

टेस्टिंग करताना समोर जे येतं ते कुणाचं तरी खासगी असतं. कुणाची शुगर, कुणाची प्रेग्नन्सी टेस्ट, कुणाचा एचआयव्हीचा रिपोर्ट. सर्व्हरचा प्रतिसाद जसाच्या तसा चॅटच्या खिडकीत चिकटवला की तो डेटा तुम्हीच बाहेर नेला असं होतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये डेटा नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड राहू द्या बाजूला, आपल्या घरातल्या बाईचा रिपोर्ट असा कुणी कुठे चिकटवला तर आपल्याला चालेल का, एवढं मनाशी विचारलं तरी हात थांबतो.

म्हणून कामाची वाटणी करायची. पेशंटचा डेटा असलेलं काहीही माझ्या पीसीवरच्या मॉडेलला. १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे, त्यावर ओलामा (आपल्याच पीसीवर मॉडेल चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून मॉडेल चालवते. ८ अब्ज पॅरामीटरचं (मॉडेलचा आकार यात मोजतात) मॉडेल ४ बिटांत दाबलं की ५ जीबीच्या आसपास बसतं, म्हणजे ८ जीबीच्या कार्डावरही चालेल. ते मोठ्या मॉडेलइतकं हुशार नाही, पण लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, चाळायला, याद्या लावायला पुरतं. (मे महिन्यात ४५ अंशाला कार्ड तापतं, म्हणून ही कामं मी पहाटे लावते. कूलरचा झोत पीसीवर घेऊ नका, ती हवा दमट असते.) बाहेरच्या मोठ्या मॉडेलला फक्त साफ केलेला मजकूर.

साफ करणं म्हणजे नुसतं खोडणं नाही. नावाच्या जागी काळी पट्टी मारली तर मॉडेलला काहीच कळत नाही. आम्ही एक छोटी स्क्रिप्ट ठेवली आहे, ती प्रत्येक नावाला एक टोपणनाव देते आणि सगळीकडे तेच वापरते. "पेशंट-४" शंभर ओळींत आला तरी तो पेशंट-४ च राहतो, म्हणजे कुणाच्या विनंतीला कुणाचा डेटा आला हे नातं टिकतं. रिपोर्ट नंबर सलग असतील तर बदललेले नंबरही सलगच ठेवायचे, कारण बरेचदा दुखणं त्या सलगपणातच असतं.

ही स्क्रिप्ट मी एआयकडूनच लिहून घेतली होती. मोबाइल नंबरसाठी त्याने नियम लावला: ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडे. खोट्या नोंदींवर चालवून पाहिली तर मधे जागा सोडून लिहिलेले नंबर सुटले, आणि एका नोंदीत देवनागरीत "९८" ने सुरू होणारा नंबर होता, तोही सुटला. आपल्याकडे काउंटरवर असं टाइप करणारी माणसं आहेत, हे मॉडेलच्या ध्यानीमनी नव्हतं. नियम दुरुस्त केला, मगच खऱ्या फाइलला हात लावला.

टोकनचंही तसंच. लॉगिन झालं की सर्व्हर ओळख म्हणून जो पास देतो, तो टोकन. जेडब्ल्यूटी प्रकारचं टोकन दिसायला गिचमिड असतं, त्यामुळे मुलांना वाटतं की ते कुलूपबंद आहे. टिंबांनी तोडलेल्या त्याच्या तीन तुकड्यांतले पहिले दोन नुसते बेस६४ नावाच्या उघड्या पद्धतीने लिहिलेले असतात, कुणीही उलगडून वाचू शकतं, आणि त्यात बरेचदा पेशंटचं नाव किंवा मोबाइल असतो. टोकन आणि कुकी पूर्णच काढून टाकायच्या.

पोर्ट आणि व्हर्जन

हे लवकर आटोपते. सर्व्हरची कोणती दारं (पोर्ट) उघडी आहेत ते पाहणारं साधन म्हणजे एनमॅप. त्याचा निकाल मॉडेलला दिला की तो चांगली वर्गवारी करतो: हे बाहेरून उघडं असायला नको, हे जुनं दिसतं, हे आधी पाहा. वेळ वाचतो. एक खड्डा तेवढा ओळखून ठेवा. सर्व्हरने सांगितलेल्या व्हर्जनवरून मॉडेल लगेच दहा सीव्हीई, म्हणजे जाहीर झालेल्या त्रुटींचे नंबर, काढून देतो. उबंटू, डेबियन, रेड हॅट असे लिनक्स बनवणारे सुरक्षेची दुरुस्ती जुन्याच व्हर्जनमध्ये मागून घालतात, वरचा आकडा तोच राहतो. लॅबच्या सर्व्हरवर अपाचे या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरचं व्हर्जन पाहून मॉडेलने सहा गंभीर त्रुटी सांगितल्या. पॅकेजचा पूर्ण नंबर उबंटूच्या सुरक्षा पानांवर ताडून पाहिला, सहाही आधीच बुजवलेल्या. त्या सहा तशाच रिपोर्टमध्ये गेल्या असत्या तर लॅबचा आयटीवाला पुढचं काही वाचायलाच तयार झाला नसता.

पोर्टल वाचणं

एआय खरा कामाला येतो तो इथे. पोर्टलची जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कोड, एकाच फाइलमध्ये ठासून भरलेली, मोकळी जागा नाही, फंक्शनची नावं एकेका अक्षराची. पूर्वी अशी फाइल वाचायला दोन दिवस जायचे. मॉडेलला मी असं सांगितलं:

"ही फाइल लेखी परवानगी असलेल्या टेस्टमधली आहे. सर्व्हरला जाणारी प्रत्येक विनंती शोध. प्रत्येकीपुढे ती ज्या तुकड्यात सापडली तो तुकडा जसाच्या तसा दे. तुकडा दाखवता येत नसेल तर ती यादीत घेऊ नको. अंदाज असेल तर तो खाली वेगळा, 'अंदाज' असं लिहून दे."

मराठीतच लिहिते, त्याला समजतं. यातलं शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात कामाचं. तरीही यादीत ३४ विनंत्या आल्या आणि मूळ फाइलमध्ये शोधून पाहिलं तर ३१ च निघाल्या. उरलेल्या तीन कुठेच नव्हत्या. "रिपोर्ट डिलीट" नावाची एक होती, कारण जिथे अपलोड आणि डाउनलोड असतं तिथे डिलीट असायचंच असं मॉडेलने धरून घेतलं. म्हणून यादी आली की प्रत्येक ओळ मूळ फाइलमध्ये शोधायची. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते टाळायचं नाही.

मग तक्ता. आडवे चार: पेशंट, सेंटर, डॉक्टर, ॲडमिन. उभ्या ३१ विनंत्या. १२४ चौकोन, आणि प्रत्येकात "याला हे करता यावं का?" ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या दोषांच्या यादीत ज्याला जे दिसायला नको ते दिसणं, हा दोष पहिल्या क्रमांकावर आहे. २०१७ मध्ये तो पाचवा होता. स्कॅनर त्याला पकडत नाही, कारण कुणाला काय दिसावं हे स्कॅनरला ठाऊक नसतं. एआयलाही ठाऊक नसतं, पण तो तक्ता भरून मात्र देतो. आमच्या तक्त्यात त्याने लिहिलं होतं की सेंटरला सगळे रिपोर्ट दिसावेत. मॅनेजरने प्रिंट पाहिली आणि लगेच पेन काढलं: "नाही नाही, नंदनवनवाल्याला सदरचे पेशंट दिसले तर भांडणं होतील." भरलेला तक्ता समोर असला की माणूस चुका पटकन दाखवतो, कोरा दिला तर पुढच्या आठवड्यावर टाकतो. यासाठी मला एआयचा मसुदा फार आवडतो.

तपासताना खऱ्या पेशंटच्या रिपोर्टला हात लावायचा नाही. लॅबला सांगून दोन खोटे पेशंट तयार करून घेतले, दोघांचं लॉगिन आमच्याकडे. एकाच्या लॉगिनमधून दुसऱ्याचा रिपोर्ट मागायचा. बर्प सूटमध्ये (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामधली विनंती अडवणारं साधन) विनंती पकडून नंबर बदलायचा आणि काय येतं ते पाहायचं.

पोराने हे सगळं करून निकालांची थप्पी मॉडेलला दिली आणि धावत आला, "ताई, नऊ सापडले!" मॉडेलने नऊ ठिकाणी "असुरक्षित" असं लिहिलं होतं, कारण सर्व्हरने २०० म्हणजे सगळं ठीक असा कोड दिला होता. मी त्याला प्रतिसादाचा मजकूर उघडायला लावला. नऊच्या नऊ ठिकाणी आत लिहिलेलं होतं, "आपल्याला परवानगी नाही". बनवणाऱ्याने नकारसुद्धा २०० देऊनच पाठवला होता. पोर्टल तिथे पक्कं होतं. दुसऱ्याचा डेटा डोळ्यांनी पाहिला तरच सापडलं म्हणायचं, तोपर्यंत ती शंका.

भोक निघालं ते वेगळ्याच जागी, आणि ते एआयने शोधलं नाही. एका दुपारी मी लॅबच्या काउंटरवर बसले आणि तिथल्या ताईंना सहज विचारलं, लोक पोर्टल वापरतात का. त्या म्हणाल्या, "पोर्टल कोन उघडते जी! बुढ्या मानसायले लॉगिन-बिगिन जमत नाही. आम्ही त्यायले व्हॉट्सॲपवर लिंक धाडतो." ती लिंक पोर्टलच्या जावास्क्रिप्टमध्ये नव्हतीच. काउंटरच्या वेगळ्या सॉफ्टवेअरमधून ती तयार व्हायची. मॉडेलला दिलेल्या फाइलमध्ये जे नाही ते मॉडेलला दिसणार कुठून? लिंक त्याच डोमेनवर उघडत होती, म्हणजे आमच्या कागदात बसत होती. तरी डॉक्टरांना फोन करून विचारलं आणि कागदावर एक ओळ वाढवून घेतली.

लिंकच्या शेवटी सहा अक्षरं. दिसायला अगदी रँडम. लॅब बंद झाल्यावर, मधे खऱ्या पेशंटचा रिपोर्ट यायला नको म्हणून रात्री साडेनऊला, खोट्या पेशंटचे तीन रिपोर्ट लागोपाठ काढायला लावले आणि तिन्ही लिंकची शेवटची अक्षरं मॉडेलपुढे ठेवली: "यात काही क्रम दिसतो का? दिसत असेल तर मला हाताने तपासता येईल असं सांग." काही सेकंदांत उत्तर आलं की ० ते ९ आणि ए ते झेड अशी ३६ चिन्हांची मोजणी धरली तर हे तीन सलग आकडे आहेत. पायथनमध्ये एका ओळीत ताडून पाहिलं. खरंच सलग होते. कागदावर पेन घेऊन मला हे शोधायला रात्र गेली असती.

सहा जागांत ३६ चिन्हं म्हणजे २१७ कोटींहून जास्त लिंक होतात, बनवणाऱ्याला वाटलं असेल की एवढ्यातून कोण शोधणार. पण आकडे सलग असले की शोधावं लागतच नाही, शेजारचा रिपोर्ट एका पावलावर असतो. पुरावा घेताना पहिल्या खोट्या पेशंटच्या लिंकमध्ये एक मिळवला, दुसऱ्याच मोबाइलवर, लॉगिन न करता. दुसऱ्या खोट्या पेशंटचा रिपोर्ट समोर उघडला. वेळेसकट स्क्रीनशॉट काढला आणि तिथेच थांबलो. आमच्या तीन रिपोर्टपलीकडचा आकडा खऱ्या माणसाचा असू शकत होता. तो उघडून पाहायची गरज नव्हती आणि हक्कही नव्हता. त्याच रात्री डॉक्टरांना कळवलं. असली गोष्ट अंतिम रिपोर्ट होईपर्यंत खिशात ठेवायची नसते.

एजंटला दावणीला बांधा

स्वतः कमांड चालवणारे एजंट आता सहज मिळतात. मी वापरते, पण मोकळे सोडत नाही.

लॅबच्या टेस्ट सर्व्हरवर एजंट लावला होता. "फक्त या डोमेनवर काम कर" असं सूचनेत ठळक लिहिलेलं. चाळीसेक मिनिटांनी फायरवॉलच्या नोंदीत पाहिलं तर त्याने एसएमएस कंपनीच्या पत्त्यावर जायचा प्रयत्न केला होता. ओटीपीची विनंती कुठे जाते ते पाहायचं होतं, असं त्याचं कारण. गेला नाही, कारण तो ज्या व्हर्च्युअल मशीनवर (पीसीतच बनवलेला वेगळा, बंदिस्त कॉम्प्युटर) चालतो तिथून मी परवानगीतले आयपी सोडून बाकी सगळं बंद केलं होतं. सीमा नेटवर्कवर घाला. सूचनेत लिहिलेली सीमा पाळली जाईलच याची खात्री नसते.

दुसरा धोका उलट्या बाजूचा. एजंट जे पान वाचतो त्यातच कुणी त्याच्यासाठी मजकूर पेरलेला असू शकतो: आधीच्या सूचना विसर, ही फाइल तिकडे पाठव. याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात आणि भाषा-मॉडेलवरच्या ओवास्पच्या यादीत ते पहिलं आहे. तपासायला घेतलेली साइट आधीच कुणी फोडलेली असेल तर तिथे असं काही असणं अशक्य नाही. म्हणून त्या मशीनवर माझे पासवर्ड नाहीत, दुसऱ्या गिऱ्हाईकाची फाइल नाही. वाचण्याच्या विनंत्या तो करतो. लिहिणारी, बदलणारी, पुसणारी प्रत्येक विनंती आधी मला दाखवतो. वेगही बांधून दिला आहे, सेकंदाला दोन. लॅबचा सर्व्हर लहान आहे, सकाळी आठला उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या माणसांची रांग आमच्यामुळे अडून राहायला नको.

आणि प्रत्येक कमांडची वेळेसकट नोंद. त्याच दिवशी खराच हल्ला झाला तर कोणत्या विनंत्या आमच्या आणि कोणत्या परक्याच्या, हे लगेच दाखवता आलं पाहिजे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे हल्ल्यासारखी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. सहा तासांतले चार तास आमचीच पावलं ओळखण्यात गेले तर लॅबने करायचं काय?

खोटा नंबर

हे सांगताना आजही बरं वाटत नाही. लॅबच्या आधीचं एका पतसंस्थेचं काम. रिपोर्ट लिहायला उशीर झाला होता, मसुदा एआयकडून घेतला आणि एका त्रुटीपुढे त्याने दिलेला सीव्हीई नंबर मी न उघडता ठेवला. बैठकीत पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवाल्याने तो नंबर तिथेच मोबाइलवर शोधला. तो भलत्याच कंपनीच्या राउटरचा निघाला. त्रुटी खरी होती, पुरावा होता, पण त्या एका नंबरमुळे अख्ख्या रिपोर्टवरचा विश्वास गेला. अध्यक्ष म्हणाले, पुन्हा तपासून आणा. मधल्या तीन आठवड्यांत ते भोक उघडंच राहिलं, आणि आत हातगाडीवाल्यांच्या, भाजीवाल्यांच्या रोजच्या ठेवी होत्या.

तेव्हापासून नियम केला. जो नंबर मी स्वतः एनव्हीडीवर (सीव्हीईंची अमेरिकी सरकारी नोंदवही) किंवा उत्पादकाच्या पानावर उघडला नाही, तो रिपोर्टमध्ये जात नाही. नंबर खरा असला तरी पुरत नाही, तो याच वस्तूचा, याच व्हर्जनचा आहे का हे वाचावं लागतं. सीव्हीई-२०२१-४४२२८ म्हणजे लॉग४शेल ही गाजलेली त्रुटी, हे मॉडेलला पाठ असतं, कारण त्यावर जगभर लिहिलं गेलं. कमी गाजलेल्या त्रुटींचे नंबर तो मनाने रचून देतो.

कर्ल या इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पाचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी एआयने रचलेल्या खोट्या त्रुटींच्या रिपोर्टबद्दल अनेकदा जाहीर तक्रार केली आहे. प्रत्येक खोटा रिपोर्ट वाचायला कुणाचा तरी वेळ जातो. त्याच प्रकल्पाला २०२५ मध्ये एआय साधनांनी शोधलेल्या खऱ्या चुकांची लांबलचक यादीही मिळाली, त्यांनी ती स्वीकारली आणि दुरुस्त्याही केल्या. दोन्हीकडे एआयच होता. पाठवण्याआधी माणसाने तपासलं होतं का, एवढाच फरक.

रिपोर्ट

गुण आधी. त्रुटी किती गंभीर हे १० पैकी गुणांत सांगणारी पद्धत म्हणजे सीव्हीएसएस. तिचा आकडा मॉडेलला ठरवू देऊ नका, त्याला ९.८ फार आवडतो. लॅबच्या लिंकलाही त्याने ९.८ च दिले. आम्ही एकेक घटक हाताने लावला: नेटवर्कवरून होतं, सोपं आहे, लॉगिन लागत नाही, दुसऱ्या कुणाला काही करावं लागत नाही, गोपनीयतेला मोठा धक्का. पण रिपोर्ट नुसता वाचता येतो, बदलता येत नाही, आणि सर्व्हरही बंद पडत नाही. सीव्हीएसएसच्या ३.१ आवृत्तीप्रमाणे याचे ७.५ होतात. ७.५ सुद्धा गंभीरच. पण ९.८ लिहून उद्या कुणी हिशेब मागितला तर उत्तर नसतं.

मग भाषा. हा रिपोर्ट दोन जण वाचणार, एक प्रोग्रामर आणि एक डॉक्टर. प्रोग्रामरसाठी इंग्रजीतला भाग मॉडेल चांगला लिहितो. मराठी मागितली तर पहिल्या मसुद्यात आलं, "भग्न प्रवेश नियंत्रणामुळे संवेदनशील माहितीचे अनधिकृत प्रकटीकरण संभवते." डॉक्टर हे वाचून पान उलटतील. मी लिहिलं, "व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकचं शेवटचं अक्षर बदललं की दुसऱ्या पेशंटचा रिपोर्ट उघडतो, पासवर्ड लागत नाही." डॉक्टरांनी वाचलं आणि तिथल्या तिथे सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. मराठी सारांश स्वतः लिहा. एआयकडून फार तर विचारून घ्या की यात काही सुटलंय का.

शिकणाऱ्या मुलांसाठी थोडं. सराव ज्यूस शॉप किंवा डीव्हीडब्ल्यूए या सरावाच्या वेब ॲपवर करा, दोन्ही मुद्दाम कच्ची बनवलेली आहेत, फुकट आहेत, आपल्याच लॅपटॉपवर चालतात. पोर्टस्विगर या कंपनीची वेब सिक्युरिटी अकॅडमी ही ऑनलाइन शिकवणीही फुकट आहे. कॉलेजच्या साइटवर गंमत म्हणूनसुद्धा काही करू नका. आणि कोडं आधी स्वतः सोडवा, अर्धा तास डोकं घासा, मग एआयला विचारा की मी कुठे अडलो. आधीच उत्तर घेतलंत तर "२०० आलं म्हणजे सापडलं" असं मॉडेल म्हणेल तेव्हा ते चूक आहे हे तुम्हाला ओळखू येणार नाही.

दुरुस्तीनंतर

दहा दिवसांनी लॅबचा निरोप आला की झालं, बघून घ्या. फेरतपासणीची यादी मी मॉडेलकडून काढून घेतली, कारण याद्या करताना तो थकत नाही आणि मी थकते. नवी लिंक रँडम आहे का, मुदत संपते का, ओटीपी कितीदा चुकवता येतो, अशा बावीस ओळी. सतरावी होती: "दुरुस्तीपूर्वी पाठवलेल्या लिंक अजून उघडतात का?" ही माझ्या डोक्यात आली नसती.

जुन्या लिंक उघडत होत्या. नव्या लिंक लांबलचक, रँडम, उघडताना ओटीपी मागणाऱ्या, पण व्हॉट्सॲपवर आधी गेलेल्या सगळ्या तशाच चालू. सॉफ्टवेअरवाल्याने दोन दिवसांत त्याही बंद केल्या. ओटीपी चार आकडी होता, म्हणजे एकूण दहाच हजार शक्यता, आणि चुकीच्या प्रयत्नांवर बंधन नव्हतं. ते पाचवर आणलं. शनिवारी रात्री परत काउंटरवर बसून दोन्ही खोट्या पेशंटच्या जुन्या आणि नव्या लिंक एकेक करून पाहिल्या. जुन्या मेल्या होत्या, नव्यांनी ओटीपी मागितला, सहाव्या प्रयत्नाला दार बंद झालं.

घरी येऊन पीसीवरच्या लॅबच्या फाइली आणि मॉडेलशी झालेलं बोलणं पुसलं. कागदात ठरल्याप्रमाणे एजंटच्या नोंदी एका पेनड्राइव्हवर, पासवर्ड घालून, डॉक्टरांच्या हातात दिल्या आणि पोच घेतली. काउंटरवरच्या ताईंनी ते दोन खोटे पेशंट सिस्टिममधून काढून टाकले.